न दिसणारा धूर

पहाटे साडेपाचला आमच्या कसबा पेठेतल्या गल्लीत पाण्याचा टँकर येतो. समोरच्या सोसायटीची टाकी भरेपर्यंत तो इंजिन चालू ठेवूनच उभा असतो, कारण पाणी वर चढवणारा पंप त्याच इंजिनावर चालतो. गेल्या दिवाळीपर्यंत हा टँकर इतका काळा धूर ओकायचा, की पहिल्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागत. शेजारच्या आजींना दमा. त्यांनी माझ्याकडे तक्रार केली. मी टँकरच्या मालकाला गाठून चार शब्द सुनावले, आणि सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे हेही जरा ठसक्यात सांगितलं. पंधरा दिवसांत धूर बंद. मी त्याची पाठ थोपटली, तर तो म्हणाला, "डॉक्टर, फार काही केलं नाही. मिस्त्रीनं पंपाचं टायमिंग दोन डिग्री पुढं घेतलं. धूर पण गेला आणि ॲव्हरेज पण वाढलं."

आजींचा दमा काही कमी झाला नाही. त्याचा सगळा दोष टँकरला देता येणार नाही. थंडीत दमा बळावतोच. पण मालकाचं ते वाक्य ऐकून मी थोपटलेली पाठ मनातल्या मनात परत घेतली. गाडी धूर सोडत नाही म्हणजे ती स्वच्छ, ही समजूत डिझेलच्या बाबतीत अर्धीच खरी आहे. आणि रस्त्यावरच्या गाड्यांची आपली तपासणी याच अर्ध्या समजुतीवर उभी आहे, ही माझी तक्रार आहे. औषधं लिहिणाऱ्या माणसानं इंजिनात का डोकवावं, असा प्रश्न कुणाला पडला तर तो रास्त आहे. मला हे एका मिस्त्रींनी शिकवलं, आणि त्याआधी मी त्यांचं बोट घालवलं होतं. ते पुढे सांगतो.

आधी टायमिंग म्हणजे काय ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात प्लगची ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात ती नसते. पिस्टन वर येताना हवा इतकी दाबतो, की ती पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापते. तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला असं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, पण त्यात इंधन आत फेकायला दाबलेली हवा लागे आणि ती तयार करणारा अवजड कॉम्प्रेसर बाळगावा लागे. पुढे १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानं इंधन मोजून, ठरल्या क्षणी, प्रचंड दाबानं ढकलणाऱ्या पंपाचं उत्पादन सुरू केलं आणि डिझेल ट्रकची वाट मोकळी झाली. आपल्याकडच्या २०१७ पूर्वीच्या पुष्कळ ट्रकांवर आणि टँकरांवर त्याच घराण्यातला पंप आजही इमानेइतबारे चालतो आहे.

फवारा सोडल्याबरोबर डिझेल पेटत नाही. थेंब तापायला, त्याची वाफ व्हायला, ती हवेत मिसळायला थोडा वेळ लागतो. साधारण सेकंदाचा हजारावा भाग. म्हणून पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडं आधीच फवारा सुरू करावा लागतो. किती आधी, ते क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात, आणि प्रत्येक इंजिनाचा आकडा कंपनीच्या पुस्तकात छापलेला असतो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर एक अंश म्हणजे सेकंदाचा बारा हजारावा भाग. आम्ही ईसीजीच्या कागदावर एक बारीक चौकोन मोजतो, तो सेकंदाचा पंचविसावा भाग असतो, आणि त्यालाच मोठं नाजूक काम समजतो.

हा आकडा जुन्या पंपावर बसवायला फारशी यंत्रं लागत नाहीत. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या स्ट्रोकमध्ये आणायचा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असले की टॅपेट हाताला सैल लागतात, त्यावरून ते कळतं. पंपाच्या पहिल्या एलिमेंटमधला डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढून वर हंसाच्या मानेसारखी वाकवलेली नळी बसवायची. हातपंपानं डिझेल सोडलं की नळीतून धार लागते. मग इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं. धार बारीक होते, मग थेंब पडू लागतात, आणि एका जागी थेंब थांबतो. पंपानं इंधन ढकलायला सुरुवात केली तो हा क्षण. त्या वेळी फ्लायव्हीलवरची खूण काट्यासमोर यायला हवी. आली नाही तर पंपाचे बोल्ट सैल करून अख्खा पंप जरासा फिरवायचा. पंपाचा शाफ्ट ज्या दिशेनं फिरतो त्याच्या उलट फिरवला की टायमिंग पुढे जातं, त्याच दिशेनं फिरवला की मागे. नवशिके एका ठिकाणी हमखास फसतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात पंप इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे पंपावर सरकवलेला एक अंश क्रँकवर दोन अंश होतो.

टायमिंग फार मागे असेल तर डिझेल उशिरा पेटतं, पूर्ण जळायला वेळ आणि उष्णता पुरत नाही. इंजिन तापतं, लोड घेत नाही, ॲव्हरेज पडतं, आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. पुढे घेतलं की मिसळायला वेळ मिळतो, ज्वलन जोरात होतं, काजळी कमी होते, डिझेल वाचतं. इंजिनाचा आवाज जरा कडक येतो, ठोके ऐकू येतात, पण मालकाला ते चालतं. मग पुढेच का ठेवू नये?

कारण हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण दीड हजार अंशांच्या वरच्या ज्वाळेत त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. टायमिंग पुढे घेतलं की सिलिंडरमधला दाब आणि तापमान चढतं, आणि ही ऑक्साइडं वाढतात. सायलेन्सरच्या तोंडाशी ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतला नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे नाकाघशात अडून न बसता तो थेट बारीक श्वासनलिकांपर्यंत पोहोचतो. दमेकऱ्यांच्या नलिका त्यानं चेततात. उन्हात याच वायूंपासून जमिनीलगतचा ओझोन बनतो, आणि हवेतल्या अमोनियाशी मिळून सूक्ष्म कणही बनतात. म्हणजे काळा कण गेला असं वाटत असताना थोड्या वेळानं, थोड्या अंतरावर दुसरा कण तयार होतो. नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत असावी, असं आपलं २००९ चं राष्ट्रीय मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १० आहे.

यावरून काळा धूर बरा, असं कुणी समजू नये. डिझेलच्या धुरामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये नि:संदिग्धपणे जाहीर केलं आणि हा धूर तंबाखू, ॲस्बेस्टॉस यांच्याच पहिल्या गटात टाकला. त्यामागे अमेरिकेतल्या १२,३१५ खाण कामगारांवर झालेल्या अभ्यासाचा मोठा आधार होता. हे कामगार जमिनीखाली डिझेल यंत्रांच्या सोबत वर्षानुवर्षं राबले होते. इंजिन बनवणारे पुस्तकात जो आकडा छापतात, तो काजळी आणि ऑक्साइडं या दोन दुखण्यांमधली तडजोड असते. तो आकडा हलवला की एक दुखणं उतरतं आणि दुसरं चढतं.

धुराच्या रंगाची भाषा मिस्त्री लोकांना आम्हा डॉक्टरांहून चांगली येते. काळा म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. पांढरा म्हणजे न पेटलेलं, बहुतेक थंड इंजिन किंवा फार मागे गेलेलं टायमिंग. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. आम्हीही बेडक्याचा रंग विचारतोच. मात्र खोकल्याचं औषध देऊन खोकला दाबला म्हणजे न्यूमोनिया बरा झाला असं आम्ही म्हणत नाही. निदान म्हणू नये. नोझल झिजून थेंब गाळत असेल, एअर फिल्टर बुजला असेल, आणि ते न बदलता नुसतं टायमिंग पुढे घेऊन धूर घालवला, तर तो हाच प्रकार झाला. टँकरचं तेच झालं होतं.

मोठ्या लोकांनीही हेच केलं आहे, आणि त्यांच्याकडे पाना नव्हता, संगणक होता. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकी सरकारनं ट्रकची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या सात कंपन्यांशी एक मोठा समझोता केला. त्यांत कॅटरपिलर, व्होल्वो होत्या आणि पुणेकरांच्या ओळखीचं कमिन्स हे नावही होतं. सरकारचा आरोप असा, की सुमारे १३ लाख इंजिनांमधला संगणक चाचणीच्या वेळी फवाऱ्याचं टायमिंग नियमात ठेवी. ट्रक महामार्गावर एका वेगात धावू लागला की ते पुढे सरकवी. डिझेल वाचे, ऑक्साइडं वाढत. दंडाचीच रक्कम ८ कोटी ३४ लाख डॉलर होती. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या मोटारींचं प्रकरण जगभर गाजलं, ते याचंच धाकटं भावंडं. त्यामुळे कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीकडे बोट दाखवताना मी जरा सावध असतो.

आपल्याकडे नवीन इंजिनाला परवानगी देताना ही ऑक्साइडं काटेकोरपणे मोजली जातात. वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये, म्हणजे आपल्याच पुण्यात, हे काम चालतं. बीएस-३ च्या ट्रक इंजिनाला एक युनिट काम करताना, म्हणजे एका किलोवॉट-तासामागे, ५ ग्रॅम ऑक्साइडांची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ला ती अर्ध्या ग्रॅमच्या आत आणली. ही झेप फार मोठी आहे, आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण एकदा ट्रक रस्त्यावर आला की पीयूसी केंद्रावर काय होतं? गिअर न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर एकदम तळाला दाबतात, आणि बाहेर आलेल्या धुरात प्रकाश किती अडतो ते यंत्र मोजतं. बीएस-४ पूर्वीच्या गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट, बीएस-४ ला ५०. बस्स. नायट्रोजनची ऑक्साइडं त्या यंत्राच्या गावीही नाहीत. टायमिंग पुढे घेतलेला आमचा टँकर तिथे पहिल्या नंबरात पास होईल, आणि पुस्तकातल्या खुणेवर इमानानं ठेवलेला, जरा जुना टँकर कदाचित काठावर. ज्या परीक्षेत हे असं होतं, ती परीक्षा मिस्त्रीला काय शिकवते?

आता त्या बोटाबद्दल.

तीसेक वर्षांपूर्वी मी इंटर्न होतो. रात्रपाळीला पस्तिशीतले एक मिस्त्री आले. मंगळवार पेठेच्या बाजूला, जुन्या बाजारापासून जवळच त्यांचं गॅरेज. डाव्या तर्जनीच्या टोकाला टाचणी टोचल्यासारखा लाल ठिपका होता. नोझल टेस्टरवर लावून फवारा बघत होतो, बोट आडवं गेलं, म्हणाले. दुखणं फारसं नव्हतं, रक्त नव्हतं. मी स्पिरिटनं पुसलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. वरिष्ठांना विचारावं असं मला सुचलंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले तेव्हा बोट वांग्यासारखं सुजलं होतं, टोक पांढरट आणि गार. सर्जननी उघडलं तर डिझेल स्नायुबंधाच्या म्यानातून थेट तळहातापर्यंत गेलेलं. दोन पेरं काढावी लागली.

नोझलमधून फवारा सुटतो तो दोनशेच्या आसपास बार दाबानं. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार असतात, यावरून कल्पना करा. त्वचा त्याला कागदासारखी. बाहेर ठिपका दिसतो आणि आत तेल पसरत जातं. वेदना काही तासांनी सुरू होते. अशा जखमांत बोट वाचवायचं तर पहिल्या काही तासांतच हाताच्या सर्जननी ते उघडून धुवावं लागतं. हे माझ्या पुस्तकात होतं. मी ते पान वाचलं नव्हतं. मिस्त्रींनी मला कधी बोल लावला नाही. ड्रेसिंगला यायचे तेव्हा एकदा एवढंच म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला पंप माहीत नव्हता." मग मी त्यांच्या गॅरेजला जाऊन बसू लागलो. सुरुवातीला अपराधीपणानं, नंतर आवडीनं. वरची सगळी विद्या तिथली.

तिथे बसल्यावर आणखीही दिसलं. टाकीतून डिझेल काढायला पोरं नळी तोंडानं ओढत. एअर काढताना, लाइन फुंकताना घोट जाई. डिझेल पोटात गेलं तर बहुधा निभावतं. छातीत गेलं तर पातळपणामुळे ते फुप्फुसात भराभर पसरतं. आधी ठसका, मग सगळं ठीक वाटतं, आणि रात्री ताप, धाप, एक्स-रेवर खालच्या भागात पांढरे ढग. वॉर्डात असे रुग्ण मी आजही बघतो. नातेवाइकांनी मिठाचं पाणी पाजून उलटी करवलेली असते, आणि नेमक्या त्या उलटीत डिझेल छातीत उतरतं. उलटी करवू नये, दूध-पाणी पाजत बसू नये, थेट रुग्णालयात आणावं, हे प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहायला हवं.

आणि धूर. टायमिंग बसवल्यावर इंजिन चालू करून कान लावूनच पारखायचं असतं. पावसाळ्यात शटर अर्धं ओढलेलं असतं, सायलेन्सरचं तोंड आत. दिवसाला असे तीन-चार ट्रक. आमच्या केसपेपरवर 'व्यवसाय' नावाचा एक रकाना असतो. त्यात 'मेकॅनिक' एवढं लिहून आम्ही पुढे 'विडी-सिगारेट?' विचारायला लागतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं.

माझं मागणं फार मोठं नाही. डिझेलच्या पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साइडं मोजणं आणावं. मोजणारी उपकरणं जगात आहेत. जुन्या पंपाच्या व्यावसायिक गाड्यांना दरवर्षी फिटनेसला जावंच लागतं. तिथे फ्लायव्हीलची खूण आणि पंपाचं टायमिंग तपासावं, नोझल टेस्टरचा कागद मागावा. पंपाच्या इंधनाच्या स्क्रूवर कॅलिब्रेशनवाले तार ओवून शिशाचं सील मारतात, ते शाबूत आहे का ते पाहावं. पीयूसीच्या दिवशी स्क्रू आत, दुसऱ्या दिवशी बाहेर, हा खेळ मिस्त्री लोक हसत हसत सांगतात. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे; त्यात अर्धा दिवस फवाऱ्याच्या जखमेला आणि तोंडानं नळी ओढण्याला द्यावा. आणि आमच्या अपघात विभागात नव्या इंटर्नला पहिल्या आठवड्यात तो लाल ठिपका दाखवावा. मी दाखवतो.

यावर एक आक्षेप येतो, की जुने ट्रक भंगारात जातीलच, मग हा खटाटोप कशाला. जातील, पण टँकर, रेतीचे डंपर, माल नेणारे टेम्पो आपल्याकडे वीस-वीस वर्षं चालतात, आणि नव्या गाड्यांत तरी मोह कुठे संपतो? तिथे टायमिंग संगणक ठरवतो, ऑक्साइडं मारायला युरियाचं द्रावण फवारतात, आणि तो युरियाचा खर्च वाचवायला संगणकाला फसवणारी डबी बसवणारेही निघाले आहेत. पाना गेला, लॅपटॉप आला.

मागच्या महिन्यात टँकरच्या मालकाला घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. ते आता सत्तरीकडे झुकलेत, गॅरेज मुलगा बघतो, पण पंप आला की स्वतः खाली बसतात. वाकडी नळी लावली, मुलानं इंजिन हातानं फिरवलं. थेंब थांबला. मिस्त्रींनी तर्जनीच्या उरलेल्या पेरानं फ्लायव्हीलवरची काजळी पुसली आणि बॅटरी मारली. खूण मागेच होती. काट्यासमोर यायला अजून दोन अंश बाकी. सहापैकी चार नोझल गळत होते. एअर फिल्टर झटकला तर अंगणभर धूळ. नोझल बदलले, फिल्टर नवा टाकला, पंप पुन्हा पुस्तकातल्या आकड्यावर आणला. चालू होताना टँकर आता थोडासा धूर सोडतो, मग बंद होतो. ॲव्हरेज जरा उतरलं, असं मालक भेटेल तेव्हा ऐकवतो, आणि नोझलच्या बिलाचा आकडाही सांगतो. आजींना मी टँकर आला की खिडकी लावून घ्यायला सांगितलं आहे.